आरशातनं बघायचा फोटो

अल्ताफचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच वडिलांच्या दुकानाच्या पायरीवर बसून त्यांच्या नावानं खडे फोडत होतो. "सकाळी लवकर ये, च्या पिऊ," असं आदल्या दिवशी बजावून सांगणारा माणूस गायब, आणि शटर खाली. दस्तगीर मुजावर आयुष्यात वेळेवर आला नाही, पण मी पाच मिनिटं उशिरा पोचलो तर भर गल्लीत माझा पाणउतारा करायचा. त्यामुळं आज आपली पाळी, अशा खुशीत मी चार चांगल्या शिव्या जुळवून ठेवल्या होत्या. तेवढ्यात फोन वाजला. "काका, अब्बा न्हाईत आता," अल्ताफ म्हणाला. "पहाटे छातीत दुखलं... दवाखान्यात नेईपर्यंत पण थांबले नाहीत." मी "बरं" म्हणालो.  त्या जुळवलेल्या शिव्या तशाच राहिल्या, आणि दुपारी त्याला माती देताना त्याच आठवत होत्या. आता या गोष्टीला काही आठवडे होऊन गेलेत. लिहायला बसलोय ते एका फोटोबद्दल, कारण दस्तगीर काय होता हे सांगायला तो एक फोटो पुरेसा आहे.

दस्तगीर फोटोग्राफर. पंचगंगेकडं उतरणाऱ्या गल्लीत त्याचा स्टुडिओ. दारातून आत शिरलं की डाव्या भिंतीला मोठा आरसा, आरशाखाली फळीवर कंगवा आणि पावडरचा डबा, मागं पडदा. आमची ओळख शाळेपासूनची. मी बँकेत चिकटलो, त्यानं बापाचा कॅमेरा उचलला. फोटो काढताना लोक उगाच दात काढतात याची त्याला मनस्वी चीड होती. "हसायचं काय न्हाय, नुस्तं जिवंत दिसा," असं तो ओरडायचा, आणि समोरचा माणूस गांगरून खरंच जिवंत दिसायचा. त्याचे स्वतःचे फोटो मात्र ढिगानं होते. फेटा बांधून, काळा चष्मा लावून, कुणाच्या तरी बुलेटवर बसून. निधनाच्या बातमीला फोटो शोधताना अल्ताफची अडचण झाली ती कुठला निवडावा याचीच. आणि हे सगळे फोटो एकच गोष्ट सांगतात, की या माणसाला आपण कधी चुकू शकतो असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

त्याचा तो तोरा एकदाच उतरलेला मी पाहिला. मोठ्या महापुरात पंचगंगा गल्लीत शिरली आणि स्टुडिओच्या माळ्याला टेकली. माळ्यावर पत्र्याच्या पेट्यांत त्याच्या आणि त्याच्या वडिलांच्या हातच्या सगळ्या निगेटिव्ह होत्या. पाणी ओसरल्यावर पेट्या उघडल्या तेव्हा आत फक्त काळा, चिकट लगदा होता. कॅमेरे गेले, पडदे गेले, त्याचं त्याला काही वाटलं नाही. पण नंतर माणसं यायला लागली. घरातले फोटो पुरात गेलेले, म्हणून ती दस्तगीरकडं यायची. कुणाला वडिलांचा पाहिजे, कुणाला गेलेल्या भावाचा. "तुमच्याकडं निगेटिव्हची काच असंल की, त्याच्यावरनं एक काढून द्या," असं म्हणायची आणि तो मान हलवून त्यांना परत पाठवायचा. एका संध्याकाळी तो मला म्हणाला, "सर्ज्या, लोकांनी आपली माणसं माझ्याकडं ठिवायला दिलती. मी ती पाण्यात घालवली." मी समजूत काढायला गेलो, तर माझ्या अंगावर आला. "नदीचं नाव सांगू नगंस. खालच्या गल्लीत दुकान मीच काढलंय." त्यानंतर बरेच दिवस त्यानं कुणालाही "जिवंत दिसा" म्हटलं नाही.

पुढं एकदा तो भंगारवाल्याकडून एक जुना डबडा कॅमेरा घेऊन आला. मोडक्या कॅमेऱ्यांचा त्याला नाद होता. कातडी पिशवीत कॅमेरा आणि पिशवीच्या कोपऱ्यात पेचाच्या झाकणाची एक बारकी डबी. डबीत रोल होता, फोटो काढून झालेला, पण कधी धुतलेला नाही. कॅमेरा चिखलानं माखलेला, डबीतही ओल शिरलेली. आजकाल असा रोल कोण धुतो? पण दस्तगीरनं मागच्या अंधाऱ्या खोलीत स्वतः औषध कालवलं, दार लावून घेतलं आणि मला बाहेर बसवून ठेवलं. बराच वेळ आतून नुसता पाण्याचा आवाज. मग आरोळी आली, "निघाली! बाई निघाली!" सगळा रोल काळाठिक्कर पडला होता. मधला एकच तुकडा वाचला होता, तोसुद्धा कडा ओलीनं खाल्लेला. त्याचा मोठा प्रिंट काढून त्यानं आरशाच्या समोरच्या भिंतीवर टाचला. शेतात दगडी मोटेची विहीर, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशी नऊवारीतली एक तरुण बाई, तिनं बोट धरलेली तीन-चार वर्षांची पोर, आणि मागं लांब डोंगरांची रांग. बाई हसत नव्हती. ती नुस्ती जिवंत दिसत होती.

"हा फोटो जिचा तिला गेला पायजे," दस्तगीर म्हणाला. मी म्हणालो, "जग एवढं मोठं आहे, कुठं शोधणार?" त्यावर त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू मी बँकेत नोकरी करून डोकं गहाण टाकलंय. पुरात शेकड्यानं माणसं घालवलेल्या त्याला हे एक माणूस परत द्यायला मिळणार होतं. ते तो सोडणार नव्हता. "ह्यो एक गेला न्हाय, तर मी दुकानाची पाटी उतरवीन," हे त्यानं चारचौघांत सांगितलं, आणि तो बोलल्यासारखं करणारा माणूस होता. मग त्यानं फोटो वाचायला घेतला. "पदर बघ. उजव्या खांद्यावर हाय." आमच्या भागात नदीखालच्या, कर्नाटकाला लागून असलेल्या गावांत बऱ्याच लिंगायत आणि जैन घरांतल्या जुन्या बायका पदर उजव्या खांद्यावर घेतात, आमच्या बायका डाव्या. दस्तगीरनं जन्मभर लग्नांचे फोटो काढलेले. फोटोतला पदर बघून तो नवरीचं गाव सांगायचा, आणि ते सहसा बरोबर निघायचं. त्यात भंगारवाला म्हणाला होता, की हा माल कुरुंदवाडकडून आलाय. दस्तगीरनं मांडीवर थाप मारली. "झालं! गाडी काढ."

कुरुंदवाडला आम्ही माझ्या स्कूटरवर गेलो. दस्तगीर मागं बसून सगळ्या वाटेनं मला गाडी कशी चालवावी ते शिकवत होता. तिथं पोचल्यावर त्यानं सरळ गल्लीगल्लीत फोटो दाखवायला सुरुवात केली. कुणी ओळखेना. शेवटी एका घराच्या कट्ट्यावर एक म्हाताऱ्या बाई शेंगा फोडत बसल्या होत्या, त्यांच्याही डोक्यावरचा पदर उजवीकडून आलेला. त्यांनी फोटो डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाल्या, "पदर आमचा हाय, पण बाई आमची न्हाय."

"असं कसं आज्जी?" दस्तगीर म्हणाला. "पदर तुमचा म्हणजे बाई तुमचीच की."

"नेसण आमच्यातली न्हाय, पावणं. आणि हितं डोंगर कुठला आणू मी?"

बाईंचं खरं होतं. कुरुंदवाडला सगळी सपाटी. कृष्णा-पंचगंगेचा काळा मळा, ऊस आणि आभाळ. पण दस्तगीरनं डोंगराचा मुद्दा तेवढा उचलला आणि नेसणीचा सोडून दिला. परतीच्या वाटेवर त्याचा निकाल तयार होता. डोंगर पाहिजे आणि उजवा पदरही पाहिजे, म्हणजे हातकणंगले. तिथं आळते गावाच्या अंगाला डोंगर आहेत आणि जैनांची वस्तीही आहे. त्यानंतर आम्ही हातकणंगल्याला किती फेऱ्या मारल्या ते माझ्या बायकोला विचारा. प्रत्येक मळ्यातली विहीर बघायची, फोटो समोर धरायचा, डोंगर जुळतो का बघायचं. दोन डोंगर होते फोटोत. एक लांबलचक, माथ्याला सपाट, आणि दुसरा सुटा, निमुळता. तिथले डोंगर कधी थोडे जुळायचे, मग बिलकुल नाही. एकदा ऊन लागून आम्ही स्टेशनच्या बाकावर येऊन टेकलो. दस्तगीरच्या छातीत तेव्हाही कळ येत होती, पण त्यानं ती पित्तावर ढकलली. "दस्तगीर, पुरे आता," मी म्हणालो. तो पाण्याची बाटली तोंडाला लावून थांबला. "तू बँकवाला हायस. तुझ्याकडं लोकांनी पैसे ठिवले, ते तू व्याजासकट परत दिलेस. मला एक तरी देऊ दे की." मग मी पुरे हा शब्द काढला नाही.

आणि मग ते झालं. मला पेन्शनसाठी हयातीचा दाखला भरायचा होता, त्याला फोटो पाहिजे. बँकेत एवढी वर्षं काढलेल्या माणसाला दरसाल आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं, यावर दस्तगीर खूश होता. मी आरशापुढं उभा राहून उरलेल्या केसांवरून कंगवा फिरवत होतो. तो मागं लाइट लावत होता. आरशात माझं तोंड, माझ्या खांद्यावरून मागची भिंत, आणि भिंतीवर तो फोटो. मी कंगवा फिरवायचं थांबलो. आरशातल्या फोटोत डाव्या बाजूला पन्हाळ्याचं सपाट पठार होतं आणि त्याच्या उजवीकडं जोतिबाचा डोंगर. मी कसबा बावड्याचा. लहानपणी आमच्या परड्यात दात घासताना रोज जे दोन डोंगर समोर असायचे, तेच हे. कोल्हापूरचा माणूस ते डोळे मिटून ओळखेल. पण तेच उलटे झाले, जोतिबा डावीकडं गेला, तर ते कुणाचेही डोंगर होतात, आणि मी महिनोन् महिने त्या फोटोपुढं चहा प्यालो होतो.

"दस्तगीर," मी म्हणालो, "हा जोतिबा आहे."

"कुठाय?" तो वळून भिंतीवरच्या फोटोकडं बघायला लागला. "खुळा झालास काय? असला असतोय व्हय जोतिबा?"

"तिकडं नाही. आरशात बघ."

त्यानं बघितलं. मग भिंतीकडं. मग परत आरशात. हातातला दिवा त्यानं हळूच खाली ठेवला. फिल्मची एक बाजू चकचकीत असते आणि एक मळकट, त्यावरून सुलटी कोणती ते कळतं. कडेला आकडे असतात, त्यावरूनही कळतं. इथं ओलीनं दोन्ही बाजू मळकट केल्या होत्या आणि आकडे खाऊन टाकले होते, त्यामुळं प्रिंट काढताना दस्तगीरनं तो तुकडा पालथा घातला होता. त्यात बाईचा डावा पदर उजवा झाला, आणि पदर बघून गाव सांगणारा आमचा हुशार माणूस त्या पदराला धरून नदीच्या खालपर्यंत गेला. पदराचं ज्ञान नसलेला एखादा असता तर एवढा लांब गेला नसता. आता तो शरमेल, निदान कपाळाला हात लावेल, म्हणून मी वाट बघत होतो. दस्तगीर म्हणाला, "उलटा झाला न्हाय, मर्दा. त्यो आरशातनं बघायचा फोटो हाय." आणि गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. माझा फोटो त्या दिवशी राहिलाच.

बावड्याची शेतं आता पुष्कळशी घरांखाली गेलीत. पण डोंगर हलत नाहीत, त्यामुळं त्यांची नीट रांग लागेल अशी जागा शोधत आम्ही फिरलो. एका नव्या इमारतीच्या गच्चीवर चढू दिलं तिथल्या मंडळींनी. तिथून नव्यानं काढलेला सुलटा प्रिंट समोर धरला तर जोतिबा जोतिबावर बसला, पन्हाळा पन्हाळ्यावर. खाली बघितलं. दोन इमारतींच्या मधल्या मोकळ्या तुकड्यात विहीर होती, वर लोखंडी जाळी टाकलेली, आणि शेजारी अर्धं बुजलेलं दगडी थारोळं. दस्तगीर जिन्यानं असा उतरला की मला वाटलं आता हा पडतो. शेजारच्या जुन्या घरात गणपतराव नावाचे गृहस्थ राहतात, ते शेत त्यांच्याच घरचं. त्यांनी फोटो हातात घेतला आणि आम्हाला बसा म्हणायचंही विसरले. "ही आमची थोरली काकू. काका तवा सिनेमाच्या स्टुडिओत कॅमेरावाल्याच्या हाताखाली होता, त्यानं काढला आसंल. काकू ह्याच्यानंतर लगीच गेली. काकानं मग कॅमेऱ्याला हातच लावला न्हाय." दस्तगीरनं पोरीवर बोट ठेवलं. "आणि ही?"

"सुशीलाक्का. हाय की. कुरुंदवाडला दिलीया."

मी दस्तगीरकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मला हसू आवरलं नसतं, आणि त्यानं मला त्याच विहिरीत ढकललं असतं.

सुशीलाक्कांचं घर, आम्ही ज्या कट्ट्यावर वाद घातला होता त्याच्या पलीकडच्याच गल्लीत निघालं. सत्तरीच्या बाई, सडसडीत, बोलायला खणखणीत. आईचा एकही फोटो त्यांच्याकडं कधी नव्हता. वडिलांचा कॅमेरा आठवण म्हणून ट्रंकेत ठेवलेला. पूर आला, ट्रंक चिखलानं भरली, आणि घर धुताना बाकीच्या घाणीबरोबर त्यांनी स्वतःच्या हातानं तो भंगारात टाकला होता. डबीत रोल आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. दस्तगीरनं पिशवीतून प्रिंट काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात धरला. आईच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं, मग खाली, जिथं त्या बाईनं पोरीचं बोट धरलं होतं तिथं येऊन थांबल्या.

"मला वाटायचं, मला आई आठवतीया," त्या म्हणाल्या. "पर ही न्हवती ती. एवढी वर्सं मी दुसरीच कुणीतरी आई म्हणून धरून बसलेली..." मग पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "ही बरी हाय."

त्यांनी चहा केला, बासुंदीही मागवली. दस्तगीरनं त्यांना फोटोबरोबर ती निगेटिव्हही देऊन टाकली. इतर वेळी स्वतःची फुशारकी मारल्याशिवाय पाणी न पिणारा तो, तिथं एक शब्द बोलला नाही. परतीच्या वाटेवर गाडी कशी चालवावी हेही त्यानं मला सांगितलं नाही. गावाबाहेर एका टपरीवर आम्ही थांबलो. चहाचा कप हातात धरून तो उसाकडं बघत होता. "एक परत गेला," म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्याला काही गरज वाटली नाही. मला या माणसाचा त्या वेळी जितका अभिमान वाटला तितका दुसऱ्या कुणाचा वाटलेला नाही. तसं मी त्याला म्हणालो नाही, कारण म्हणालो असतो तर तो गावभर सांगत सुटला असता.

तो पालथा प्रिंट मात्र त्यानं भिंतीवरून काढला नाही. उलट चांगली लाकडी चौकट करून त्याच जागी, आरशाच्या बरोबर समोर पक्का ठोकला. मी म्हणालो, अरे, निदान सुलटा तरी लाव. तर म्हणे, "सुलटा जिचा तिला दिला. ह्यो माझा हाय." आणि जो येईल त्याला कंगवा देऊन आरशापुढं उभा करायचा आणि सगळी गोष्ट सांगायचा, त्यात प्रिंट उलटा पडल्याचा भाग तेवढा नसायचा. "आरशातनं बघायचा फोटो हाय, तसाच काढलाय," हे ऐकून ऐकून माझं डोकं फिरायचं. आम्ही यावर दुकानात भांडलो, रस्त्यात भांडलो, त्याच्या जाण्याच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा भांडलो. "चूक कबूल कर की एकदा," मी म्हणालो होतो. त्यावर तो म्हणाला, "सकाळी लवकर ये, च्या पिऊ. मग करतो." तो चहा राहिला.

दुकान आता अल्ताफ बघतो. परवा मी तिथं बसलो होतो तर तो म्हणाला, "काका, हा उलटा प्रिंट काढून सुलटा लावू का? लोक विचारतात." मी म्हणालो, हात लावशील तर बघ. तेवढ्यात पासपोर्टच्या फोटोला एक गृहस्थ आले. कंगवा घ्यायच्या आधीच त्यांची नजर भिंतीवर गेली. "हा फोटो कुठला ओ?"

"कसबा बावड्याचा," मी सांगितलं.

"मी बावड्याचाच हाय की! मग जोतिबा त्या हाताला कसा?"

अल्ताफ लाइट लावत होता, त्यानं माझ्याकडं बघितलं. खरं सांगायला काहीच हरकत नव्हती. निगेटिव्ह पालथी पडली, एवढंच तर सांगायचं. पण तोंडातून निघालं ते दस्तगीरचं, त्याच्याच चढ्या आवाजात. "तुमी चुकीच्या जागी हुबं हाईसा, पावणं. त्यो आरशातनं बघायचा फोटो हाय." गृहस्थ वळले. आरशात त्यांच्या खांद्यामागं ती बाई लेकीचं बोट धरून उभी होती, पदर डाव्या खांद्यावर, डावीकडं पन्हाळा, उजवीकडं जोतिबा. "व्हय की!" ते म्हणाले, आणि कंगवा हातात तसाच धरून बघत राहिले. दस्तगीर असता तर एवढ्यावर त्यानं मला आठवडाभर छळलं असतं. छळायला पाहिजे होतं त्यानं.